अपवादातील हिंसा

फ्लू, कोविड आणि रेस्पिरेटरी सिन्शियल विषाणू, म्हणजे संक्षेपाने आरएसव्ही, यांपैकी दोहोंवर किंवा तिहींवर एकाच टोचणीत संरक्षण देऊ पाहणाऱ्या लसीला संयुक्त लस म्हणतात, आणि अशी लस माणसाच्या दंडापर्यंत पोहोचण्यापूर्वी उंदीर, फेरेट, हॅमस्टर आणि काही वेळा माकड यांच्या शरीरांतून गेलेली असते. या टप्प्याला प्री-क्लिनिकल चाचणी असे नाव आहे. तिच्याविषयी नैतिक शंका निघते तेव्हा ती बहुधा एवढ्याच शब्दांत विचारली जाते, की हे योग्य आहे काय. वस्तुतः या एका शंकेत तीन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत. ही कृती हिंसा आहे काय, हा पहिला. असल्यास ती क्षम्य आहे काय, हा दुसरा. आणि क्षम्य ठरल्यानंतर तिचे हिंसापण उरते की नाहीसे होते, हा तिसरा. आधुनिक कायदा आणि वैद्यकनीती बहुतांशी दुसऱ्या प्रश्नापाशी थांबतात. भारतीय दर्शनांनी मात्र तिसऱ्या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला, आणि तो वाद यज्ञातील पशूविषयी असला तरी त्याची मांडणी प्रयोगशाळेतील प्राण्याला फारशी ओढाताण न करता लागू पडते.

प्रत्यक्षात काय केले जाते ते आधी पाहिले पाहिजे, कारण तपशिलावाचून केलेली नीतिचर्चा दोन्ही पक्षांना सोयीची असते. दोन किंवा तीन लसी एकत्र मिसळल्या म्हणजे त्यांचे परिणाम आपोआप बेरजेने वाढतात असे नाही. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा एका घटकाला जोरदार प्रतिसाद देताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू शकते. लहान मुलांच्या त्रिगुणी आणि पंचगुणी लसी तयार होतानाही हीच अडचण सोडवावी लागली होती. म्हणून प्रत्येक घटक एकटा, प्रत्येक जोडी आणि सर्व घटक एकत्र अशा स्वतंत्र गटांत प्राणी वाटले जातात आणि एका गटाला लशीऐवजी निष्क्रिय द्रव टोचला जातो. तीन घटकांची लस असेल तर तत्त्वतः असे आठ गट होतात, आणि लसीचा जोर वाढवण्यासाठी घातलेल्या सहायक द्रव्याचा वेगळा हिशोब मांडायचा झाल्यास ही संख्या आणखी वाढते. त्यातही एकच प्राणी सर्व विषाणूंना चालत नाही. माणसाचा फ्लू फेरेटला होतो, कोविड सिरियन हॅमस्टरला होतो, आणि आरएसव्हीसाठी कॉटन रॅट नावाचा अमेरिकेतील रानउंदीर लागतो.

फेरेट हा अंगलटीने मुंगसासारखा दिसणारा, परंतु निराळ्या कुळातील मांसाहारी प्राणी. १९३३ मध्ये लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी मानवी फ्लूचा विषाणू प्रथम याच प्राण्यात वाढवून दाखवला, आणि १९३६ मध्ये आजारी फेरेटपासून संशोधकालाच फ्लू झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. फेरेटच्या श्वसनमार्गातील ज्या साखररेणूंना फ्लूचा विषाणू चिकटतो त्यांची ठेवण माणसासारखी असते. त्याला ताप येतो, नाक वाहते, शिंका येतात, वजन उतरते. चाचणीत त्याला दोन मात्रा टोचतात, काही आठवड्यांनी रक्त काढून त्यातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिने, मोजतात, आणि मग भूल देऊन त्याच्या नाकपुड्यांत विषाणूचे थेंब सोडतात. त्यानंतर रोज सकाळी वजन, तापमान आणि नाक धुऊन घेतलेल्या पाण्यातील विषाणूंची मोजणी चालते. ठरलेल्या दिवशी काही प्राण्यांना मारून फुफ्फुसांचे पातळ काप काचपट्टीवर घेतले जातात, कारण लसीने फुफ्फुस खरोखर वाचवले की नाही हे बाहेरून पाहून पुरेसे कळत नाही. लस न मिळालेल्या गटातील प्राण्यांचे काम आजारी पडणे हेच असते. त्यांच्या आजारावाचून इतरांच्या निरोगीपणाला पुराव्याची किंमत येत नाही.

अमेरिकेतील नोव्हाव्हॅक्स कंपनीने फ्लूच्या चार प्रकारांची हिमॅग्लुटिनिन प्रथिने आणि कोरोना विषाणूचे स्पाइक प्रथिन एकत्र करून बनवलेली लस याच पद्धतीने फेरेट आणि हॅमस्टर यांच्यावर तपासली. याच कंपनीची एकेरी कोविड लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्होव्हॅक्स या नावाने तयार केली. दोहोंत वापरलेले सहायक द्रव्य चिली देशातील क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या सॅपोनिन या फेसाळ पदार्थापासून बनते. सालीचा हा तपशील पुढे ज्ञानेश्वरीच्या संदर्भात पुन्हा लागणार आहे.

आता यज्ञाकडे वळता येईल. कोणत्याही प्राण्याची हिंसा करू नये हा वैदिक परंपरेतील सामान्य नियम, आणि अमुक यागात पशूचा आलंभ, म्हणजे वध, करावा हा विशेष विधी. दोन्ही एकाच प्रामाण्यग्रंथातून आलेले असल्यामुळे त्यांची सांगड घालणे भाग होते. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी ती उत्सर्ग आणि अपवाद या न्यायाने घातली. उत्सर्ग म्हणजे सर्वत्र लागू असलेला नियम, आणि अपवाद म्हणजे त्यातून कापून काढलेले क्षेत्र. विशेष विधी जेथे लागू होतो तेथे सामान्य निषेध पोहोचतच नाही, सबब विहित हिंसा ही पापजनक हिंसाच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. कुमारिलभट्टाने तर याच्याही पुढे जाऊन, दुसऱ्याला होणाऱ्या दुःखावरून अधर्माचे अनुमान करता येत नाही, धर्म आणि अधर्म केवळ वेदवचनानेच कळतात, असा निर्वाळा दिला. सांख्यांनी हे मान्य केले नाही. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या आरंभीच वैदिक उपायावर अशुद्धीचा दोष ठेवला आहे, आणि नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास वाचस्पती मिश्राने त्यावरील तत्त्वकौमुदी या टीकेत त्याचे तर्कशास्त्र उलगडले. त्याचा युक्तिवाद असा, की निषेध सांगतो, हिंसेने करणाऱ्याचे अनिष्ट होते. विधी सांगतो, या पशूने यज्ञ सिद्ध होतो. ही दोन विधाने दोन निराळ्या गोष्टींविषयी असल्यामुळे त्यांच्यात विरोधच नाही, आणि विरोध नसेल तर एकाने दुसऱ्याला बाधण्याचे कारण नाही. यज्ञ सफल होतो आणि पापही लागते. दोन्ही एकाच वेळी खरे. ते पाप अल्प असते, प्रायश्चित्ताने धुता येते, आणि प्रायश्चित्त न केल्यास स्वर्गसुख भोगणाऱ्यालाही तेवढा चटका सोसावा लागतो.

१९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम या दृष्टीने वाचला तर त्याची घडण मीमांसकाच्या पद्धतीची असल्याचे ध्यानात येते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या खासगी विधेयकातून ज्याचा मार्ग खुला झाला, तो हा कायदा आधी क्रूरतेचा सामान्य निषेध करतो. मग कलम १४ मध्ये, जीव वाचवणे, आयुष्य वाढवणे, वेदना शमवणे किंवा रोगाचा सामना करणे यांसाठी उपयुक्त ज्ञान मिळवण्याकरिता केलेले प्रयोग बेकायदा ठरणार नाहीत असा अपवाद करतो, आणि कलम २८ मध्ये एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने प्राणी मारण्यालाही सूट देतो. प्रयोगशाळा आणि वेदी या दोहोंना एकाच कायद्याने एकाच तंत्राने वगळले आहे, याची नोंद फारशी घेतली जात नाही. कलम १७ अन्वये प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीवर काही कर्तव्ये आहेत, जसे की भूल द्यावी, लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी टाळावेत. ही कर्तव्ये महत्त्वाची आहेत. परंतु ती अपवादाच्या सीमा आखतात, अपवादाच्या आत जे घडते त्याला काय म्हणायचे ते सांगत नाहीत.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत थेट भिडलेला ग्रंथ ज्ञानेश्वरी होय. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसा हा शब्द येतो, आणि शके १२१२ मध्ये त्यावर भाष्य करताना ज्ञानदेव प्रथम इतरांनी अहिंसा कशी समजून घेतली त्याचा झाडा घेतात. पूर्वमीमांसेची अहिंसा म्हणजे झाडाच्याच फांद्या तोडून त्याला कुंपण घालण्यासारखी आहे असा टोला हाणून ते लगेच आयुर्वेदाकडे वळतात. रोगांनी तळमळणारे जीव पाहून औषधाची योजना झाली खरी, पण तिच्यासाठी कंद खणले गेले, झाडे मुळासकट उपटली गेली, साली सोलल्या गेल्या, वृक्षांच्या अंगाला छेद दिले गेले, आणि शेवटी चालत्याफिरत्या प्राण्यांनाही हात घालून त्यांचे पित्त काढले गेले व त्यावर दुसरे जीव वाचवले गेले. सुमारे सव्वासातशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या या ओव्यांत चिलीतील झाडाची साल आणि प्रयोगशाळेतील हॅमस्टर या दोहोंसाठी जागा आधीच करून ठेवल्यासारखी वाटते. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्ञानदेव वैद्याला औषध देऊ नकोस असे सांगत नाहीत. ते एवढेच म्हणतात, की जिवासाठी जीव घेणे याला अहिंसा हे नाव देता येणार नाही. पाणी गाळून पिणाऱ्यांच्या गाळण्यातही जीव मरतात आणि अन्न न शिजवता उपाशी राहणाराही स्वतःच्या प्राणांना पीडा देतो, हे ते त्याच दमात सांगतात, म्हणजे त्यांच्या टीकेतून कोणताच पंथ सुटत नाही. त्यानंतर येणारे अहिंसेचे त्यांचे स्वतःचे वर्णन कोणत्याही कृतीच्या यादीवर उभे नाही. ते मनाच्या एका सावध हळुवारपणावर उभे आहे, जो पुढे वाचा, दृष्टी, हात आणि पाय यांत उतरतो.

या भूमिकेचा सांख्यांच्या भूमिकेशी मेळ बसतो, आणि प्रस्तुत विवेचनाचा आधारही तोच आहे. संयुक्त लसीची प्राण्यांवरील चाचणी आजच्या स्थितीत समर्थनीय असू शकते, परंतु समर्थन मिळाल्याने तिचे हिंसापण पुसले जात नाही. हा भेद केवळ नावाचा आहे, व्यवहारात त्याने काय फरक पडतो, असा आक्षेप येथे येऊ शकतो. फरक पडतो तो असा. हिंसा संपली असे मानले तर पुढे देणे काही राहत नाही; ती शिल्लक आहे असे मानले तर प्रत्येक प्रयोगागणिक ऋण चढते, आणि ते कोणी, कसे आणि केव्हा फेडायचे असा प्रश्न उभा राहतो.

यज्ञाशी असलेले साम्य मात्र एका ठिकाणी तुटते, आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे. मीमांसकाच्या दृष्टीने विधी आणि फल यांचे नाते वेदवचनाने निश्चित होते. प्रयोगशाळेत तशी निश्चिती नाही. असती तर प्रयोगाची गरजच उरली नसती. आरएसव्हीचा इतिहास या अनिश्चिततेचा सर्वांत कठोर धडा आहे. हा विषाणू १९५६ मध्ये प्रथम ओळखला गेला तोही अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या आरएसव्हीची लस तान्ह्या मुलांना दिली गेली. पुढे खरा विषाणू पसरला तेव्हा एका चाचणीत, लस मिळालेल्या आणि संसर्ग झालेल्या बालकांपैकी सुमारे ८० टक्क्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते; लस मिळालेली दोन बालके दगावली. लसीने प्रतिपिंडे तयार झाली होती, परंतु ती विषाणूला रोखण्यास असमर्थ होती, आणि शरीराचा प्रतिसादच फुफ्फुसाला मारक ठरला. याच लसीने कॉटन रॅटच्या फुफ्फुसातही तशीच हानी होते, हे संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवले. म्हणजे ज्या क्रमाने प्रश्न विचारले जायला हवे होते त्याच्या उलट क्रमाने ते विचारले गेले. तेव्हापासून बालकांसाठीच्या आरएसव्ही लसीला या रानउंदराच्या परीक्षेतून जाणे जवळजवळ अनिवार्य झाले आहे, आणि त्या दोन बालकांची आठवण ठेवणाऱ्या कोणालाही या चाचणीवर सरसकट बंदी मागणे जड जाईल.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. प्राण्यांवरील चाचण्यांची पायरी ओलांडून आलेली मॉडर्ना कंपनीची आरएसव्हीवरील एमआरएनए लस, आणि तिच्याबरोबर आरएसव्ही व मानवी मेटान्यूमोव्हायरस या दोन विषाणूंवरील संयुक्त लस, लहान बालकांवर तपासली जात असताना लस मिळालेल्या गटात गंभीर आजाराची प्रकरणे तुलनेने अधिक आढळल्यामुळे २०२४ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे तिची चर्चा झाली. रानउंदराची परीक्षा आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही, हा याचा अर्थ. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर उंदरावरून माणसाचे अनुमान करण्यासाठी लागणारी व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचे न चुकणारे साहचर्य, येथे सिद्ध झालेली नाही; हेतू कधी साध्याबरोबर आढळतो, कधी त्यावाचूनही आढळतो, आणि अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणजे दोन्हीकडे भटकणारा म्हणतात. या भटकण्याला कारणेही आहेत. प्रयोगशाळेतील फेरेट बंदिस्त वातावरणात वाढतो आणि त्याने फ्लू कधी पाहिलेला नसतो. माणूस मात्र पन्नाशीला येईतो तो अनेकदा भोगून चुकलेला असतो, आणि त्या जुन्या ओळखींचा ठसा नव्या लसीच्या परिणामावर पडतो. साध्या उंदराच्या पेशींना कोरोनाचा मूळ विषाणू नीट चिकटतच नसे, म्हणून मानवी ग्राहक प्रथिनाचा जनुक घातलेले उंदीर वापरले गेले. येथे समर्थनाचा पाया दोन्ही बाजूंनी ओढला जातो. प्राणी माणसासारखा जितका अधिक, तितका त्याचा पुरावा भरवशाचा. पण तितकेच त्याला माणसाहून वेगळे वागवण्याचे कारणही लंगडे. पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या आणि टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये हक्कांच्या आधारावर पाश्चात्त्य वाचकांपुढे मांडलेला वाद शेवटी याच पेचापाशी येतो.

जैन विचाराने या हिंसेचे वर्गीकरण अधिक बारकाईने करता येते. श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थ जैनासाठी, हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. ठरवून केलेली ती संकल्पी, स्वयंपाक-झाडलोट अशा घरकामात घडणारी ती आरंभी, शेती-व्यापार अशा निर्वाहाच्या उद्योगात घडणारी ती उद्योगी, आणि आक्रमकापासून बचाव करताना घडणारी ती विरोधी. गृहस्थाने यांपैकी संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडावी आणि उरलेल्या तीन शक्य तितक्या कमी कराव्यात, अशी अपेक्षा आहे. लसीची चाचणी यांपैकी कोणत्या खणात बसते? लसनिर्मितीचा कारखाना हा उद्योग असल्याने ती उद्योगी म्हणावी, तर उद्योगी हिंसा ही कामाच्या ओघात अनिच्छेने घडणारी असते, आणि येथे तर प्राण्याला आजारी पाडणे हाच कामाचा गाभा आहे. रोगाचा प्रतिकार म्हणून तिला विरोधी म्हणावे, तर आक्रमक विषाणू आहे, फेरेट नव्हे. पिंजऱ्यातील प्राण्याने कोणावर हल्ला केलेला नाही. राहिली संकल्पी, जी नेमकी वर्ज्य आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे राग-द्वेष-बेफिकिरीने युक्त असलेली प्रवृत्ती, हा मुख्य घटक धरला आहे, आणि त्या बळावर एखादा युक्तिवादी म्हणेल, की वेदनाशमन देऊन, संख्या काटेकोर ठेवून, लोककल्याणाच्या हेतूने काम करणारा संशोधक प्रमत्त नाही. हा बचाव अर्धाच टिकतो. भूल देण्यात निष्काळजीपणा नसेल, पण दहा कंपन्यांनी एकच प्रयोग दहा वेळा केवळ व्यापारी गुप्ततेपायी केला तर तो प्रमाद व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा असतो, आणि व्यवस्थेच्या प्रमादाला जुन्या शास्त्रात सोयीचा खण सापडत नाही.

दहाव्या शतकाच्या सुमारास आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हिंसेच्या फळाची वाटणी कशी चमत्कारिक असू शकते ते दाखवले आहे. कधी करणारा एक असतो आणि फळाचे वाटेकरी अनेक. कधी करणारे अनेक आणि भोगणारा एक. लसीच्या बाबतीत पहिला प्रकार लागू पडतो. प्राण्याला टोचणारा हात एका तंत्रज्ञाचा, पण संरक्षण घेणाऱ्यांत कांदा-लसूणही न खाणारे येतात, पर्युषणात उपवास करणारे येतात, माळकरी वारकरी येतात, आणि ज्यांना प्राण्यांवरील प्रयोग ऐकवतही नाहीत असे हळवे लोकही येतात. त्यांनी लस घेऊ नये असे यातून निघत नाही. लस नाकारली म्हणून मेलेला हॅमस्टर परत येत नाही आणि शेजारच्या म्हाताऱ्याला फ्लूची लागण होण्याचा धोका मात्र वाढू शकतो. निघते ते एवढेच, की त्या ऋणात त्यांचाही वाटा आहे आणि ते फक्त प्रयोगशाळेच्या नावावर टाकून मोकळे होता येत नाही. गांधीजींनी हिंदस्वराज्यात डॉक्टरांवर जी टीका केली तीत जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीचा मुद्दा होता, आणि देवीच्या लसीलाही त्यांचा विरोध होता. तेच गांधीजी १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला इंजेक्शन देऊन मरण देण्यास तयार झाले, आणि त्यावरून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांच्या लेखी येथे विसंगती नव्हती, कारण वासराचे मरण वासराच्याच हितासाठी होते. प्रयोगातील मरण दुसऱ्याच्या हितासाठी असते, आणि हा भेद कितीही भूल दिली तरी भरून निघत नाही. रोमन कॅथलिक शिकवण वाजवी मर्यादेतील वैद्यकीय प्रयोगांना मान्यता देते आणि इस्लामी धर्मशास्त्र जरूरतीच्या तत्त्वाने, म्हणजे निकड असेल तेवढ्यापुरतीच, निषिद्धाला वाट देते. ही दोन्ही उत्तरे मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाची आहेत, आणि त्यांतील मर्यादेची अट मात्र तिसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवते.

प्राण्यांत उच्चनीच लावण्याची सवयही तपासून पाहिली पाहिजे. २०२० मध्ये कोव्हॅक्सिन या लसीच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला रीसस जातीची, म्हणजे लाल तोंडाची, माकडे हवी होती, आणि टाळेबंदीच्या काळात महाराष्ट्राच्या जंगलांत त्यांचा शोध घ्यावा लागला. अखेर २० माकडांचे पाचपाचांचे चार गट झाले. एका गटाला निष्क्रिय द्रव आणि तीन गटांना लसीची तीन निरनिराळी रूपे चौदा दिवसांच्या अंतराने देऊन त्यानंतर सर्वांना विषाणू दिला गेला. लस न मिळालेल्या गटाच्या फुफ्फुसांत न्यूमोनिया आढळला, लस मिळालेल्यांत आढळला नाही. ज्या राज्यात गावोगावी मारुतीचे देऊळ आहे तेथे माकडाचे नाव निघताच मन चरकते. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना १९७८ मध्ये रीसस माकडांची निर्यात बंद झाली, तीमागे परदेशांत त्यांच्यावर होणाऱ्या लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांबद्दलचा संताप होता. रानउंदरासाठी असा संताप कधी उसळल्याचे दिसत नाही. कायदाही मोठ्याऐवजी लहान प्राणी वापरा असे सांगतो. परंतु इंद्रियांच्या संख्येवर आधारलेल्या जैन वर्गीकरणात माकड, फेरेट, हॅमस्टर आणि उंदीर हे सर्व मन असलेले पंचेंद्रिय जीव म्हणून एकाच पंक्तीत बसतात. माकडाऐवजी उंदीर वापरल्याने लोकक्षोभ निश्चित कमी होतो. हिंसा कमी झाली की केवळ नजरेआड गेली, हा हिशोब वेगळा मांडावा लागेल, विशेषतः एका माकडाच्या जागी पुष्कळ उंदीर लागत असतील तेव्हा.

जिवासाठी जीव या प्रश्नाला पुराणकथांनी दिलेले सर्वांत प्रसिद्ध उत्तर शिबिराजाचे. ससाण्यापासून कबुतराला वाचवायचे आणि ससाण्यालाही उपाशी ठेवायचे नाही, अशा पेचात त्याने स्वतःच्या मांडीचे मांस तराजूत घातले. तिसरा प्राणी पकडून आणण्याचा मार्ग राजाला सहज मोकळा होता, तो त्याने घेतला नाही. कथेचे नैतिक वजन त्या न घेतलेल्या मार्गावर आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली तेव्हा ती सशांवर तपासून झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. शिबीच्या पंक्तीला हाफकिन बसतात, पण त्यांच्या आधी ससे येऊन गेलेले आहेत, ही गोष्ट त्यांच्या गौरवात सहसा सांगितली जात नाही.

वाचस्पतीच्या म्हणण्याप्रमाणे दोष उरतो आणि तो परिहार्य असतो, तर लसीच्या चाचणीतील प्रायश्चित्त कोणते? पांजरपोळाचा, म्हणजे प्राण्याला जन्मभर पोसण्याचा, मार्ग येथे फारसा चालत नाही, कारण धोकादायक विषाणू दिलेला प्राणी जैवसुरक्षा कक्षाबाहेर सोडता येत नाही. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सांगितलेली त्रिसूत्री, म्हणजे शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, संख्या घटवावी आणि यातना सौम्य कराव्यात, ही सर्वमान्य झाली आहे, तथापि ती प्रयोगापूर्वीच्या परवानगीची अट म्हणून वाचली जाते, नंतरचे देणे म्हणून नव्हे. देणे म्हणून वाचल्यास तिच्यातून अधिक कडक मागण्या निघतात. फसलेल्या चाचणीचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले पाहिजेत, नाहीतर तोच प्राणी त्याच प्रश्नासाठी दुसऱ्या देशात पुन्हा मरतो. लस न दिलेल्या गटाची आकडेवारी संस्थांनी परस्परांत वाटून घेतली पाहिजे. संयुक्त लसीचे घटक आधीच स्वतंत्रपणे तपासले गेले असतील तर एकेकट्या घटकाचे गट पुन्हा उभे करण्यामागे वैज्ञानिक कारण आहे की केवळ नियामकाच्या फायलीची सोय, हे नीतिसमितीने विचारले पाहिजे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि भारताने २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत बदल करून मानवी पेशींपासून वाढवलेल्या सूक्ष्म अवयवांसारख्या प्राणिविरहित पद्धतींना वाट मोकळी केली, ही या दिशेची खरी प्रगती आहे. मात्र संपूर्ण शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचे काम असा सूक्ष्म अवयव अद्याप करू शकत नाही.

शिबीचा मार्गही पूर्ण बंद झालेला नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये तिशीच्या आतील ३६ निरोगी स्वयंसेवकांनी संमती देऊन नाकात कोरोना विषाणूचे थेंब घालून घेतले, आणि फ्लूवर असे प्रयोग त्याआधीपासून होत आले आहेत. संमती हा शब्द फेरेटला लागू नाही, म्हणून नैतिक दृष्ट्या हा मार्ग स्वच्छ आहे. परंतु आरएसव्हीची लस ज्यांना सर्वांत निकडीची आहे ती काही महिन्यांची बालकेही संमती देऊ शकत नाहीत, त्यांना मुद्दाम रोग देण्याचा विचारही करता येत नाही, आणि १९६६ नंतर त्यांच्यासाठीच्या लसीतून रानउंदराची चाचणी वगळणे कोणत्याही नीतिसमितीला आज शक्य नाही. प्रौढांसाठीच्या फ्लू-कोविड संयुक्त लसीची गोष्ट वेगळी आहे. तिचे घटक कोट्यवधी माणसांत आधीच वापरून झालेले असतील आणि उरलेला प्रश्न ते एकमेकांच्या आड येतात की नाही एवढाच असेल, तर त्याचे उत्तर संमती देणाऱ्या प्रौढांच्या रक्ताच्या नमुन्यांतूनही मिळू शकते, आणि अशा प्रस्तावात फेरेटचे स्वतंत्र गट मागणाऱ्याने ते का हवेत याचा खुलासा देण्याचा भार स्वतःवर घेतला पाहिजे.